भिंतीवरचा निनावी मजकूर

सार्वजनिक जागी शिवी कोरून ठेवण्याची महाराष्ट्रातली जुनी उदाहरणे राजसत्तेच्या नावावर आहेत. कोकणात, गोव्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात गावाच्या शिवेवर, देवळाच्या आवारात किंवा शेताच्या कडेला ‘गधेगाळ’ नावाचे दगड सापडतात. वरच्या भागात चंद्र आणि सूर्य, मध्ये दानाचा लेख आणि खाली गाढव व स्त्री यांचे उघड संभोगशिल्प, अशी त्यांची सर्वसाधारण रचना असते. काही दगडांवर लेख नसतो, नुसते शिल्प असते. दान दिलेली जमीन जो बळकावील त्याच्या आईवर हा प्रसंग ओढवेल, अशी ती धमकी. चंद्रसूर्य असेतोवर दान टिकावे ही इच्छा वर, आणि ते मोडणाऱ्याला शिवी खाली. वाचता न येणाऱ्या माणसालाही चित्र पाहून अर्थ कळत असे. अलिबागजवळच्या आक्षीचा शिलालेख या प्रकारातला असून एका वाचनानुसार त्याचा काळ इ. स. १०१२ आहे. शिलाहार राजा अपरादित्य याच्या काळातला परळचा लेख इ. स. ११८७ चा आहे. त्याचा बाकीचा मजकूर संस्कृतात आहे, पण शिवी मराठीत आहे. ज्यांना भीती घालायची त्यांच्या भाषेतच ती घातली जाई.

गधेगाळांची दोन वैशिष्ट्ये पुढच्या इतिहासासाठी महत्त्वाची आहेत. लेख असलेल्या दगडावर शिवी कोणी दिली हे स्पष्ट असते, कारण राजाचे किंवा अधिकाऱ्याचे नाव त्याच लेखात येते. आणि जमीन बळकावणाऱ्या पुरुषाला जरब बसवण्यासाठी अपमान मात्र एका स्त्रीच्या देहाचा केला जातो. पहिले वैशिष्ट्य काळाच्या ओघात नाहीसे झाले. दुसरे आजही सार्वजनिक भिंतींवर जिवंत आहे, आणि त्याचा संताप येणे योग्यच आहे.

राजाज्ञेखेरीज सामान्य माणसानेही दगडावर लिहिले. मुंबईजवळच्या कान्हेरीच्या ९० व्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत. इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये आलेल्या जरथुश्त्री प्रवाशांनी आपली नावे आणि भेटीचा दिवस तिथे नोंदवला. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ ही तारीख आणि स्वतःचे नाव थेट रंगवलेल्या भिंतीवर ओरखडले. शिकारीच्या निमित्ताने तो त्या दरीत आला होता. तेव्हा लेण्यात दगडमातीचा ढीग साचलेला होता, त्यावर उभे राहून त्याने नाव कोरले. म्हणून आज ते माणसाच्या डोक्याहून उंचावर दिसते.

प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्याने कान्हेरीतले हे जुने लेखही स्मारकाचा भाग म्हणून जपले जातात, आणि त्यांच्या शेजारी आज कोणी आपले नाव लिहिले तर तो गुन्हा ठरतो. या कायद्यातली शिक्षा आधी ३ महिने कैद किंवा ५ हजार रुपये दंड इतकीच होती. २०१० च्या दुरुस्तीने ती २ वर्षे कैद आणि १ लाख रुपये दंड इथवर वाढवली. तरीही गडांच्या तटांवर तैलरंगाने आणि चुन्याने नावे पडतच राहतात. दुर्गप्रेमी तरुणांचे गट सुट्टीच्या दिवशी घासण्या आणि पाणी घेऊन ती काढायला जातात. मऊ दगडावरचा तैलरंग काढताना दगडाचा पापुद्राही निघतो, त्यामुळे ही सफाई दिसते तितकी सोपी नसते. मात्र अशा लेखनात मताचा प्रश्न येत नाही. नाव लिहिण्याला कोणी अभिव्यक्ती म्हणून संरक्षण मागितलेले नाही, आणि मागितले तरी ते मिळू नये. प्रश्न अवघड होतो तो मजकुरात कोणाविषयी काही म्हटलेले असते तेव्हा.

इंग्रजी राजवटीने लेखनावर पकड बसवली ती मुख्यतः नावाच्या सक्तीने. १८६७ च्या छापखाने व पुस्तक नोंदणी कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण देणे बंधनकारक केले. मजकूर निनावी असला तरी चालेल, पण त्याची जबाबदारी घेणारा कोणीतरी सापडला पाहिजे, असा यामागचा हिशेब होता. १८६० च्या दंड संहितेत अश्लील मजकूर, बदनामी आणि स्त्रीच्या विनयाचा अपमान यांची कलमे होतीच. १८७० मध्ये राजद्रोहाचे १२४ अ आणि १८९८ मध्ये समाजगटांत वैर पसरवण्याविषयीचे १५३ अ ही कलमे त्यांत घातली गेली.

या यंत्रणेची चाचणी पुण्यात झाली. १५ जून १८९७ च्या ‘केसरी’त ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता ‘भवानी तलवारीची खूण’ या टोपणनावाने आली. सात दिवसांनी, २२ जूनला, चापेकर बंधूंनी पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली. कवी कोण हे सरकारला विचारावेही लागले नाही. पत्रावर प्रकाशक म्हणून टिळकांचे नाव होते आणि मजकुराची जबाबदारी त्यांनी झटकली नाही. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी राजद्रोहाचा अर्थ इतका ताणला की सरकारविषयी प्रेम नसणे हेच अप्रीती ठरले, आणि टिळकांना १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. १९०८ मध्ये अग्रलेखांसाठी त्यांना ६ वर्षांची शिक्षा झाली आणि मंडालेला पाठवण्यात आले.

त्याच चापेकरांचे आदल्या वर्षीचे एक कृत्य मात्र कायद्याच्या हाती लागले नव्हते. बडोद्याचे खंडेराव गायकवाड यांनी दिलेला व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा १८७२ पासून मुंबईच्या फोर्ट भागात होता. १८९६ मध्ये एका रात्री त्याला डांबर फासले गेले आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली गेली. हे कोणी केले याचा पोलिसांना पत्ता लागला नाही. पुढे दामोदर चापेकरांनी तुरुंगात लिहिलेल्या आत्मवृत्तातून ते उघड झाले. छापील कागदाला नाव होते म्हणून टिळक तुरुंगात गेले. डांबराला नाव नव्हते म्हणून करणारा मोकळा राहिला. रस्त्यावरच्या लेखनाचे आणि विटंबनेचे बळ या निनावीपणात आहे, आणि त्याचा धोकाही त्यातच आहे.

धार्मिक भावनांविषयीचे कलमही एका निनावी पुस्तिकेतून निघाले. १९२० च्या दशकात लाहोरला ‘रंगीला रसूल’ ही पैगंबरांवरची पुस्तिका लेखकाच्या नावाविना छापली गेली. प्रकाशक राजपाल यांनी लेखकाचे नाव शेवटपर्यंत सांगितले नाही. दिवंगत धर्मपुरुषावरची टीका १५३ अ मध्ये बसत नाही, असे म्हणून लाहोर उच्च न्यायालयाने १९२७ मध्ये त्यांना सोडले. त्यावर मोठा क्षोभ उसळला आणि त्याच वर्षी सरकारने २९५ अ हे नवे कलम आणले. एखाद्या वर्गाच्या धार्मिक भावना जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने दुखावणे हा गुन्हा झाला. कायदा झाल्याने राजपाल वाचले नाहीत. १९२९ मध्ये त्यांचा खून झाला. ‘जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने’ ही अट कलमाचा प्राण आहे. पुढच्या काळात तक्रारी नोंदवताना ती वारंवार विसरली गेली, आणि त्यातून अनेकांना विनाकारण कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या.

स्वातंत्र्याच्या लढ्यात भिंत हे गरिबांचे वर्तमानपत्र झाले. १९४२ मध्ये पुढारी तुरुंगात आणि वृत्तपत्रांवर निर्बंध अशा स्थितीत युसूफ मेहरअलींनी सुचवलेली ‘क्विट इंडिया’ ही घोषणा आणि तिचा ‘चले जाव’ हा देशी अवतार कोळसा, गेरू आणि डांबर यांनी मुंबईच्या भिंतींवर उतरला. रात्री लिहायचे, सकाळी पोलिसांनी चुना फासायचा, पुन्हा रात्री लिहायचे. ज्या घराच्या भिंतीवर हे लिहिले जाई त्या मालकाला कोणी विचारत नसे, आणि त्या दिवसांत बहुतेकांना त्याचे काही वाटतही नसे. याच आठवणींतून पुढे भिंतीवर लिहिणे हा चळवळीचा हक्कच मानला जाऊ लागला.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत, १९५५ ते १९६० या काळात, त्याला बहर आला. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ हे वाक्य गिरणगावातल्या चाळींवर, गिरण्यांच्या कुंपणांवर, शाळांच्या भिंतींवर दिसू लागले. लिहिण्याची साधने सगळी घरगुती होती. चुन्यात नीळ किंवा गेरू मिसळायचा, काथ्याचा कुंचला करायचा. पत्रके डकवायला मैद्याची खळ शिजवत आणि कीड लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकत. या चळवळीची भाषा जहाल होती. मोरारजी देसाईंवरचा आणि केंद्र सरकारवरचा राग भिंतींवर ओतला गेला, आणि त्यातल्या बऱ्याच मजकुराला आज कोणी सभ्य म्हणणार नाही. तरी शंभरावर माणसे पोलिसांच्या गोळ्यांनी गेली असताना सत्तेवर निघालेल्या त्या रागाला असभ्यतेच्या मापाने मोजणे अन्यायाचे होईल. राज्य करणाऱ्यावरची शिवी आणि दुबळ्या शेजाऱ्यावरची शिवी यांत फरक आहे, आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा कोणताही विचार या फरकाशिवाय उभा राहत नाही.

गिरणगावात याच सुमारास दुसरी एक पद्धत रुजली होती. संघटनांच्या कार्यालयांबाहेर, चौकांत, नाक्यांवर काळे फळे असत आणि त्यांवर खडूने रोजचा मजकूर लिहिला जाई. १९६६ नंतर शिवसेनेच्या शाखांबाहेरचे फळे हा मुंबईच्या रस्त्यांचा नित्याचा भाग झाला. फळ्यावरचा मजकूरही कधीकधी झोंबणारा असे, पण फळा कोणाचा हे गल्लीला ठाऊक असे आणि जाब विचारायला जागा असे. भिंतीवरच्या मजकुराला तशी जागा नसते.

घटना समितीत अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मर्यादांवर जी चर्चा झाली तिची पार्श्वभूमी फाळणीच्या दंगलींची होती. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी मूलभूत हक्कांवरच्या मर्यादांचे समर्थन केले. अमेरिकेतले हक्क निरपेक्ष आहेत असे म्हणणाऱ्यांना त्यांनी तिथल्याच गिटलो खटल्याचा दाखला दिला. डिसेंबरमध्ये कन्हैयालाल मुनशींनी मर्यादांच्या यादीतून ‘राजद्रोह’ हा शब्द वगळण्याची सूचना केली आणि ती मान्य झाली. ज्या शब्दाने टिळकांना तुरुंगात घातले त्याला राज्यघटनेत जागा मिळाली नाही. दंड संहितेत मात्र तो तसाच राहिला.

घटना लागू झाल्यावर चारच महिन्यांत मर्यादांची पहिली कसोटी लागली. मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ या साप्ताहिकाला मद्रास सरकारने प्रवेशबंदी केली होती. संपादक रोमेश थापर यांच्या अर्जावर २६ मे १९५० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. केवळ सार्वजनिक सुव्यवस्थेच्या नावाखाली भाषणावर बंदी घालण्याची तरतूद घटनेत नाही, असे न्यायालयाने म्हटले. पुढच्याच वर्षी, जून १९५१ मध्ये, पहिल्या घटनादुरुस्तीने घटनेच्या कलम १९ (२) मध्ये ‘सार्वजनिक सुव्यवस्था’, ‘अपराधास चिथावणी’ आणि ‘परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध’ ही कारणे घातली गेली. त्याबरोबरच निर्बंध ‘वाजवी’ असले पाहिजेत ही अटही आली. या एका विशेषणाने पुढच्या काळात नागरिकांना बरेच वाचवले. १९६३ मध्ये देशाच्या सार्वभौमत्वाची आणि एकात्मतेची भर पडली. शालीनता, नीतिमत्ता आणि बदनामी ही कारणे मूळ यादीतच होती.

या यादीत दुसऱ्याच्या भिंतीचा उल्लेख नाही, आणि तो असण्याची गरजही नव्हती. बोलण्याचा हक्क मिळाला म्हणून शेजाऱ्याच्या दारावर लिहिण्याचा हक्क मिळत नाही. पण निवडणुकांनी हा भेद पुसून टाकला. महिनाभर आधीच पक्षाचे कार्यकर्ते भिंतीला चुन्याचा हात मारत आणि कोपऱ्यात ‘राखीव’ असे लिहून जागा धरत. मग रंगारी येऊन चिन्ह काढी. विरोधकाने त्यावर रंग फासला की मारामारी. घरमालकाला या सगळ्यात विचारले जात नसे आणि निवडणूक संपल्यावर भिंत कोणी धुऊन देत नसे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातल्या १२७ अ कलमाने निवडणुकीच्या छापील पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव घालणे सक्तीचे केले, म्हणजे १८६७ ची युक्ती पुन्हा वापरली. रंगवलेली भिंत तिच्यातून सुटली. डिसेंबर १९९० मध्ये टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त झाले आणि त्यांच्या सहा वर्षांत आचारसंहितेला धार आली. निवडणुकीतल्या भिंती त्यानंतर बऱ्याच ओस पडल्या.

पश्चिम बंगालने १९७६ मध्ये मालमत्ता विद्रूपणाविरुद्ध कायदा केला होता. महाराष्ट्राने १९९५ मध्ये तसा कायदा केला. लोकांच्या नजरेस पडणारी जागा शाई, खडू, रंग किंवा अन्य साधनाने विद्रूप केल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद, २ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. दिल्लीच्या २००७ च्या कायद्यात हीच शिक्षा १ वर्ष आणि ५० हजार रुपये इथवर आहे.

या कायद्यांचा मोठा गुण असा की ते मजकूर वाचत नाहीत. भिंतीवर ‘जय’ लिहिले काय किंवा शिवी लिहिली काय, परवानगीविना लिहिले की गुन्हा एकच. सरकारला न आवडणाऱ्या मताला वेगळे काढून शिक्षा करायला निदान कायद्याच्या शब्दांत तरी वाव राहत नाही. अंमलबजावणीत हा गुण टिकत नाही. नेत्याच्या वाढदिवसाचे फलक चौकात महिनाभर झळकतात आणि विद्यार्थ्यांची एक घोषणा रातोरात पुसली जाते, हा अनुभव राज्यातल्या कोणत्याही शहराला नवा नाही. बेकायदा फलकांविषयी सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सविस्तर निकाल देऊन महापालिकांना कारवाईचे आदेश दिले, आणि त्यानंतरही आदेश पाळले जात नसल्याबद्दल न्यायालयाला पालिकांना पुन्हा पुन्हा फटकारावे लागले. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये अधिक परिणामकारक उपाय योजला. दिल्ली विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाच्या निवडणुकीत भिंती, बसथांबे, मेट्रोची स्थानके रंगाने भरली होती. न्यायालयाने मतदान होऊ दिले, पण सफाई होईपर्यंत मतमोजणी थांबवली. ती नोव्हेंबरच्या अखेरीस झाली. कोणत्या उमेदवाराने काय लिहिले याची छाननी करावी लागली नाही आणि भिंती धुतल्या गेल्या.

मजकूर वाचणारे कायदे वेगळे आहेत, आणि भिंतीवर त्यांना हात घालताना अधिक सावध राहावे लागते. कोणाच्या भावना दुखावल्या हे कोणत्या मापाने ठरवायचे, याचे एक उत्तर नागपूरने दिले. तिथल्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी १९४० च्या दशकात असे म्हटले की शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर आणि धीट माणसाच्या नजरेतून पाहावा. प्रत्येक विरोधी मतात धोका शोधणाऱ्या दुबळ्या मनाच्या नजरेतून पाहू नये. १९८८ मध्ये ‘तमस’ या दूरदर्शन मालिकेचा वाद मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा हाच निकष स्वीकारला गेला, आणि २०२५ मध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उचलून धरला. पातूर नगरपरिषदेच्या इमारतीवरच्या पाटीत मराठीखाली उर्दू असण्याला आक्षेप घेतला गेला, तेव्हा एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पाटी कायम ठेवली. भाषा म्हणजे धर्म नव्हे, असे निकालात स्पष्ट म्हटले आहे. सार्वजनिक भिंतीवरची एखादी लिपी नुसती दिसली म्हणून होणाऱ्या त्रासाला कायद्यात जागा नाही, हे त्यातून ठरले.

कवितेच्या बाबतीत निकाल इतका स्वच्छ लागला नाही. वसंत दत्तात्रय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता अशोक शहाणे यांनी १९८३ मध्ये पोस्टरच्या रूपात काढली होती. १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या एका अंतर्गत पत्रिकेत ती पुन्हा छापली गेली आणि अश्लीलतेचा खटला झाला. १४ मे २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रकाशकाला आणि मुद्रकाला मोकळे केले, कवीवरचा आरोप मात्र खालच्या न्यायालयावर सोडला. इतिहासात आदरस्थानी असलेल्या व्यक्तीच्या तोंडी अश्लील शब्द घालण्यापर्यंत कवीचे स्वातंत्र्य ताणता येत नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. आदरणीय व्यक्तींची अशी वेगळी वर्गवारी १९ (२) च्या यादीत कुठेच नाही, आणि ती कोण ठरवणार याचे उत्तर निकालातून मिळत नाही. स्वतःचे नाव घालून लिहिणारा कवी वीस वर्षे न्यायालयात अडकला, ही यातली खेदाची गोष्ट आहे.

खंबीर मनाचा निकष मताच्या बाबतीत योग्य आहे, पण त्याला एक बाजू उरते. पुस्तक मिटता येते, दूरदर्शन बंद करता येते. घरासमोरची भिंत दररोज समोर असते. दलित वस्तीच्या तोंडावर जातिवाचक शिवी लिहिलेली असेल तर तिथल्या मुलांना शाळेत जाताना ती वाचावीच लागते. त्यांना खंबीर व्हा असे सांगणे म्हणजे अपमान करणाऱ्याच्या बाजूने उभे राहणे आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी केलेला जातीय अपमान हा स्वतंत्र गुन्हा मानला. २०१५ च्या दुरुस्तीने लिखित शब्दांतून पसरवलेला द्वेष आणि आदरस्थानी असलेल्या पुतळ्याची, छायाचित्राची किंवा तसबिरीची विटंबना यांचाही स्पष्ट उल्लेख केला.

या तरतुदीमागे महाराष्ट्राला ठाऊक असलेला रक्ताचा इतिहास आहे. ११ जुलै १९९७ च्या सकाळी मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांची माळ घातलेली आढळली. लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात १० जण ठार झाले. त्याच्या शंभर वर्षे आधी व्हिक्टोरियाच्या गळ्यात पडली ती अशीच माळ. पण पहिली जगातल्या सर्वांत बलाढ्य सत्तेला घातलेली होती आणि दुसरी शतकानुशतके पायाखाली तुडवलेल्या माणसांच्या अभिमानाला. दोन्ही कृत्ये रात्रीच्या अंधारातली आणि निनावी होती. १८९६ मध्ये त्यानंतर कोणावर गोळी चालली नाही. १९९७ मध्ये ज्यांचा अपमान झाला त्यांच्यावरच चालली.

२००९ मध्ये मुंबई महापालिकेने माहीम ते दादर या पट्ट्यात सेनापती बापट मार्गाची लांबलचक भिंत चित्रकारांना आणि हौशी नागरिकांना रंगवायला खुली केली. पुढे वांद्र्याला दादासाहेब फाळक्यांचे आणि चर्चगेट स्थानकाच्या इमारतीवर गांधीजींचे भव्य चित्र उभे राहिले. चित्र काढलेल्या भिंतीवर शिव्या आणि पानाच्या पिचकाऱ्या कमी पडतात, हे शहरांनी अनुभवाने ओळखले आहे. रेल्वेच्या पुलांखाली आणि शाळांच्या कुंपणांवर आज तीच युक्ती राज्यभर वापरली जाते.

जिथे चित्रे पोचत नाहीत अशा भिंती राहतात. रेल्वेच्या डब्यांतली, बसस्थानकांतली, महाविद्यालयांतली स्वच्छतागृहे हा त्यांचा मुख्य मुलूख. तिथल्या मजकुरात लिहिणारा बेनाम असतो आणि नाव असते ते एखाद्या स्त्रीचे, बरेचदा तिच्या फोन क्रमांकासह. गधेगाळावरची स्त्री निदान अनाम होती. बंगळूरच्या मॅजेस्टिक बसस्थानकातल्या पुरुषांच्या स्वच्छतागृहात एका महिलेचा क्रमांक घाणेरड्या शेऱ्यासह लिहिला गेला आणि तिला अनोळखी माणसांचे फोन येऊ लागले. त्या प्रकरणात २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने आरोपीवरचा खटला रद्द करण्यास नकार दिला. स्त्रीच्या खासगीपणावरचा असा घाला शरीराला झालेल्या जखमेपेक्षा कमी नसतो, असा न्यायालयाचा सूर होता. १८६० च्या दंड संहितेचे ५०९ हे कलम अशा वेळी कामास येई. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत त्याची जागा कलम ७९ ने घेतली आहे, तसेच १५३ अ आता १९६ आणि २९५ अ आता २९९ झाले आहे.

अशा मजकुरापुढे दोन कामे एकमेकांच्या आड येतात. तो ताबडतोब पुसला गेला पाहिजे, कारण प्रत्येक तासाला तो नवे लोक वाचत असतात. आणि पुसला की हस्ताक्षर, शाई, जागा हा सगळा पुरावा जातो. स्थानकाचा सफाई कामगार तो रोजच्या कामात धुऊन टाकतो, मग तक्रार करायला गेलेल्या स्त्रीकडे दाखवायला काही उरत नाही. त्यामुळे पुसण्यापूर्वी तारीख आणि वेळेसह छायाचित्र घेणे, स्थानकप्रमुखाने किंवा आगारप्रमुखाने त्याची नोंद ठेवणे आणि क्रमांक लिहिलेला असल्यास पोलिसांना पंचनाम्यासाठी बोलावणे, हे या जागांच्या व्यवस्थापकांचे काम ठरते. ते झाले तर तपास भिंतीपाशी न थांबता ज्यांच्याकडे तो क्रमांक होता त्यांच्यापर्यंत पोचतो. क्रमांक माहीत असलेली माणसे थोडीच असतात, आणि बंगळूरच्या प्रकरणातही शोध याच वाटेने पुढे गेला.